तीन नंबरचं इंजिन

बिरू,

तू गेल्याची बातमी मला साताऱ्यात कारखान्याच्या फाटकावर कळली. पाळी सुटली होती. तुझा मेहुणा म्हसवडहून सकाळच्या बसनं आला होता आणि रखवालदाराच्या खोलीबाहेर टोपी हातात धरून उभा होता. 

"दाजी गेलं," तो म्हणाला. "शेजाऱ्याच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करत हुतं. हँडल मारलं, इंजिन चालू झालं, आन् हे तितंच खाली बसलं ते बसलं."

मी त्याला काय विचारलं असेल? मी विचारलं, "इंजिन चालू झालं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. तू असतास तर तुला यात काही वावगं वाटलं नसतं. आपण पंधरा वर्षं हवाई दलात एकमेकांना हेच विचारत आलो होतो.

मी म्हसवडला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. हात कसा हलका होता, गरिबाचं काम आधी कसं करायचास. ते सगळं खरं आहे, पण ते मी लिहिणार नाही. मला कोलंबोबद्दल लिहायचं आहे. त्या दुपारी मी तुला जे सांगितलं आणि त्यानंतर जे कधीच सांगितलं नाही, त्याबद्दल.

तुला त्या विमानावर ओढून नेलं ते मीच. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पेन्शन घेऊन तू म्हसवडला आई, बायको आणि पोरीजवळ गेला होतास. मेंढरं निम्म्यावर आली होती. माझं आष्ट्याचं उसाचं रान भावांच्या हातात होतं, तिथं माझी गरज नव्हती, म्हणून मी साताऱ्यात लेथवर उभा राहिलो होतो. रोज तोच पितळी बुश, रोज खिडकीतून तोच अजिंक्यताऱ्याचा कडा. इंजिनांवर काम केलेल्या माणसाला दिवसभर एकच भोक पाडत बसायचं. माझा जीव घुसमटायचा, बिरू. घरी हे कुणाला सांगितलं तर म्हणायचे, पक्की नोकरी आहे, आणखी काय पाहिजे?

तेवढ्यात आपल्या जुन्या वॉरंट ऑफिसरचं पत्र आलं. मुंबईत एका परदेशी कप्तानानं महायुद्धाच्या काळातलं चार इंजिनांचं प्रवासी विमान घेतलं होतं. जेटच्या जमान्यात असली पंख्याची विमानं भंगारात जात होती. पण जुन्या पद्धतीनं, सावकाश, समुद्र ओलांडायची हौस असलेली वीसेक म्हातारी माणसं त्यानं जमवली होती. मुंबईहून कोलंबो, तिथून समुद्राच्या मधोमध एक बारकं बेट, आणि तिथून ऑस्ट्रेलिया. त्या इंजिनांची माहिती असलेली दोन माणसं त्याला हवी होती.

मी पत्र घेऊन तुझ्याकडं आलो. तू मेंढरांना बाभळीचा पाला तोडून घालत होतास.

"समुद्रावरनं जायाचं?" तू विचारलंस.

"व्हय."

"किती येळ?"

"कोलंबोपास्नं पुढं आठ-नऊ तास एका दमात."

"आन् मधी उतराय काय न्हाई?"

"न्हाई."

तू हसलास. "मला पवाय येत न्हाई गड्या."

"मला तरी कुठं येतंय? इंजिनं चालली म्हंजे झालं."

तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिला काय कळलं कोण जाणे. एवढंच म्हणाली, "लवकर ये रं बाबा." तू म्हणालास, "आये, दीड महिन्यात येतो."

मुंबईतले ते दिवस आपले चांगले गेले. हँगरमध्ये आपण दोघांनी चारी इंजिनं उघडली, साफ केली, पुन्हा बांधली. तू डोळे मिटून आवाजावरून सांगायचास कुठलं इंजिन बोलतंय. "एक नंबर शाणं हाय. दोन नंबर जरा तापट. चार नंबर झोपाळू. आन् तीन नंबरला दमा हाय बग." कप्तान हसायचा. त्यानं आपल्याला शब्द दिला होता की, विमान पलीकडं सुखरूप पोचलं की दोघांनाही कायमचं ठेवून घेईन. तुला त्यात रस नव्हता. मला होता. मी साताऱ्याला परत न जाण्याची स्वप्नं बघत होतो.

मुंबई ते कोलंबो प्रवास नीट झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढं निघायचं होतं. आदल्या दुपारी आपण इंजिनं तपासायला घेतली. तेलाच्या जाळ्या काढून बघायचं काम माझं होतं. एक आणि दोनच्या जाळ्या साफ निघाल्या. तीन नंबरची जाळी काढली आणि तिच्यात धातूचे चमकते कण दिसले. तांदळाच्या कणीएवढे, चांगले दहाबारा.

याचा अर्थ तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्याला सांगितला पाहिजे. आतलं बेअरिंग खचायला लागलं होतं. ते इंजिन तिथंच उतरवायला हवं होतं. दुसरं इंजिन येईपर्यंत काही महिने गेले असते, म्हातारी माणसं घरी गेली असती, आणि मी साताऱ्याला, लेथवर.

मी शिडीवर उभा होतो. तू चार नंबरखाली होतास. तिथून ओरडलास, "वसंता, तीनची जाळी कशी हाय?"

मी ती पेट्रोलच्या डब्यात बुडवली, विजारीला पुसली आणि परत बसवली.

"साफ हाय," मी म्हणालो.

तू वर बघितलंसुद्धा नाहीस. वहीत लिहिलंस आणि खाली सही केलीस. इंजिनांची जबाबदारी तुझी होती, सही तुझी होती, आणि ती माझ्या शब्दावर झाली. त्या वेळी मी मनाला समजावलं की हे मुंबईच्या कामात राहिलेले कण असतील. ते तसे नाहीत हे मला ठाऊक होतं.

उजाडायच्या सुमारास उडालो. तुझी जागा दोन्ही वैमानिकांच्या मागं, काट्यांच्या फळीसमोर होती. खिडकी नव्हती. मी मागंपुढं करत होतो, टाक्या बघत होतो, म्हाताऱ्यांना चहा देत होतो. तीन तास झाले, चार झाले. परत फिरण्यापेक्षा पुढं जाणं जवळचं, ती हद्द ओलांडली तेव्हा कप्तानानं मागं वळून अंगठा वर केला. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी तीन नंबरच्या तेलाचा काटा थरथरला. तू काचेवर बोट आपटलंस. काटा खाली गेला. मग सगळं विमान असं हादरलं, जणू कुणीतरी बाहेरून घण घातला असावा.

इंजिन बंद पडलं, एवढ्यावर भागलं असतं तर तीन इंजिनांवर गेलो असतो. पण बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला कडेनं उभा करावा लागतो. तो उभा झाला नाही तर वाऱ्यानं फिरत राहतो आणि विमानाला मागं ओढतो. आपला पंखा उभा होईना. तू बटण दाबलंस, पुन्हा दाबलंस, पाच वेळा दाबलंस. विमान नऊ हजार फुटांवरून उतरायला लागलं. मागं फिरायची सोय नव्हती. पुढं साडेचार तास पाणी.

"मोर पॉवर!" कप्तान ओरडला.

"नो, सर," तू म्हणालास. त्याच्याशी तू कधी मान वर करून बोलला नव्हतास. "आणखी दाबलं तर दुसरं बी जाईल. वजन बाहेर टाका." पुढचं सगळं मी त्याला इंग्रजीत सांगितलं.

मागचा दरवाजा काढायचा होता. तू खुर्चीवरून उठलास, दोर माझ्या कमरेला बांधलास, गाठ दोनदा ओढून बघितलीस, दुसरं टोक खांबाला बांधलंस आणि परत काट्यांसमोर जाऊन बसलास. मी सामान फेकायला लागलो. पेट्या, जेवणाचे डबे, गालिचे, रिकाम्या खुर्च्या. एका म्हातारीनं आपली पेटी स्वतःच ओढत आणली. "ही जड आहे, आधी ही टाका," म्हणाली. एक खुर्ची दारात अडकली. मी लाथ मारली, खुर्ची गेली आणि तिच्यामागं मीही कमरेपर्यंत बाहेर गेलो. खाली पांढऱ्या लाटा होत्या. दोर ताणला गेला. तुझी गाठ सुटली नाही.

सातशे फुटांवर विमान खाली जायचं थांबलं. मग सुरू झाले ते तास. वर जाता येईना आणि खाली जायला जागा नव्हती.  उघड्या दारातून खारा वारा आत येत होता. मी तुझ्या मागं येऊन उभा राहिलो. तुझा हात इंजिनांच्या दांड्यांवर होता, आणि उरलेली तीन इंजिनं तू जपत होतास, एकाला जरा मोकळं करायचास, दुसऱ्याला जरा गार करायचास. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं तू म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेतोयस. कान जवळ नेला. तू म्हणत होतास, "एक बरं हाय, दोन बरं हाय, चार बरं हाय. एक बरं हाय, दोन बरं हाय, चार बरं हाय." चार तास तू हेच म्हणत होतास.

माझ्या तोंडात शब्द आला होता. पण सांगितलं आणि तुझं लक्ष उडालं तर? म्हणून ठरवलं, जमिनीवर उतरलो की पहिलं हेच सांगायचं. हे कारण तेवढं खरं होतं. यानंतरचं एकही कारण खरं नव्हतं.

बेट दिसलं तेव्हा म्हातारी माणसं रडायला लागली. उतरल्यावर कप्तानानं तुला मिठी मारली. तू त्याच्या खांद्यावरून त्या काळ्या पडलेल्या तीन नंबरकडं बघत होतास.

दुसऱ्याच दिवशी तू ते इंजिन खालून उघडलंस. आत सगळा चुरा झाला होता. वाळूत मांडी घालून बसलास आणि विचार करायला लागलास.

"बेरिंग गेलंय," तू म्हणालास. "पर कोलंबोत जाळी साफ हुती. म्हंजे पाच तासात गेलं. पाच तासात कसं जाईल वसंता? वर चढताना मीच त्याला जादा तापीवलं. त्याला दमा हाय हे म्हाईत असून."

"तुझी काय चूक न्हाई," मी म्हणालो.

"मग कुणाची?"

मी वाळूतले नटबोल्ट गोळा करायला लागलो. माझ्या शब्दावर तू एवढा विसंबला होतास की दोष स्वतःवर येत होता तरी तो शब्द तपासावा असं तुला वाटलं नाही.

आठ-दहा दिवसांनी एक जहाज आलं. प्रवासी गेले, त्यांच्याबरोबर दोन्ही वैमानिकही गेले. पुढं जायचे कागद आपल्याकडं नव्हते. दोन आठवड्यांत नवं इंजिन घेऊन येतो, तोवर विमान सांभाळा, असं कप्तान सांगून गेला. तो परत आला नाही. त्याचं काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. आपण विमानाच्या पोटात झोपायचो आणि सकाळी उठून चारी बाजूंना बघायचो. चालायला लागलं तर अर्ध्या तासात बेट संपायचं. तिथल्या माणसांनी आपल्याला मासे दिले, तांदूळ दिले, कधी वाईट वागवलं नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या जहाजाशिवाय बाहेर पडायला वाट नव्हती, आणि प्रत्येक जहाज म्हणायचं, तुमचे कागद नाहीत.

तिथं का नाही सांगितलं, असं तू विचारशील. त्या बेटावर माझ्याशी मराठीत बोलणारा तू एकटा होतास. तू तोंड फिरवलं असतंस तर मी कुठं गेलो असतो?

तिसऱ्या महिन्यात जहाजानं पत्र आणलं. तुझी आई जाऊन सात आठवडे झाले होते. शेवटी बिरू आला का, बिरू आला का, असं विचारत होती, हेही लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं. तू पत्राची घडी घातलीस आणि पंखाच्या सावलीत बसलास. "तिकडं प्याला पाणी न्हाई म्हनून म्हातारी दुष्काळी छावणीत मेली," म्हणालास, "आन् हितं बग किती पाणी हाय." मग माझ्याकडं वस्तरा मागितलास. तुला स्वतःला जमेना. तुझं डोकं मी भादरलं. माझा एक हात तुझ्या कपाळावर होता, दुसऱ्यात वस्तरा. तुला घरापासून तोडणारा माणूस तुझ्या आईचं सुतक फेडत होता, आणि तू डोळे मिटून म्हणालास, "तू हायेस म्हनून बरं हाय."

पाचव्या महिन्यात एका मालवाहू जहाजाच्या कप्तानाला दया आली आणि आपण मद्रासला उतरलो.

कारखान्यानं मला परत घेतलं. तुला मात्र त्या वॉरंट ऑफिसरनं मुंबईच्या हँगरमध्ये बोलावलं होतं. चार तास तीन इंजिनं हातावर चालवणारा माणूस, असं तुझं नाव झालं होतं. तू नाही म्हणालास. मी मुद्दाम म्हसवडला आलो, तुझ्याशी भांडलो.

"येडा हायेस का? असली संधी कुणाला मिळती?"

"माझ्या हातावर माझाच इस्वास न्हाई ऱ्हायला," तू म्हणालास. "विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर पाणी येत न्हाई. मानूस मरत न्हाई."

तेव्हा तरी सांगायचं होतं. एका वाक्यानं तू मोकळा झाला असतास. तोवर उशीर झाला होता असं मी म्हणतो, पण उशीर माझ्या अब्रूला झाला होता, तुला नव्हता. त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा यायचो आणि दर वेळी तू मला स्टँडवरच्या हॉटेलात नेऊन काड्यापेटीतल्या काड्या मांडून तो दिवस पुन्हा चालवायचास. ही काडी इंजिन, ही उंची, इथं मी एवढं दाबलं, मग तापलं कवा? मी म्हणायचो, "जाऊ दे रं बिरू." तू म्हणायचास, "तुला जाऊ दे म्हनायला काय? सही माझी हाय." हा वाद आपला कधी मिटला नाही. तो एकट्या तुझा वाद होता. उत्तर खिशात घेऊन मी तुझ्यासमोर चहा पीत बसायचो.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी वहिनींना सांगितलं. तुझी पोरगी मंगल भांडी घासता घासता थांबली आणि जवळ येऊन उभी राहिली. मी काही लपवलं नाही. जाळी, पेट्रोलचा डबा, विजार, साफ हाय. वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, ते झोपेत बी इंजिनाचं नंबर म्हनायचं. मी इचारलं तर सांगायचं न्हाईत. घरात त्यांनी त्या इमानाची गोष्ट कवा काडलीच न्हाई." पदर खोचला आणि उठल्या. "हे मला सांगून तुमचं वझं कमी करू नका. मी घेनार न्हाई ते."

 बरोबरच होतं त्यांचं.

मंगल मॅट्रिकला आहे आता. उंच झाली आहे. तुझ्यासारखीच एकटक बघते. तिनं विचारलं, "म्हंजे आबांची चूक नव्हती?"

"न्हाई."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"पहिल्यापास्नं?"

"व्हय, पहिल्यापास्नं."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. ती आत गेली. आतून शाळेची वही आणि पेन आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"लिवून द्या," म्हणाली. "तुमच्या हातानं. आन् सही करा."

तिथं माझ्यानं लिहवेना, बिरू.  घरून लिहून पाठवतो म्हणालो. तिनं वही माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "पाठवू नका. आणून द्या."

आज रविवार. साताऱ्यातल्या या खोलीत सकाळपासून बसलो आहे. एका ओळीचं काम होतं. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय ती ओळ पुढं सरकेना, म्हणून इतकी पानं भरली. उद्या रजा टाकून पहिल्या बसनं म्हसवडला जातो. ही सगळी पानं तिच्या हातात देईन. तिला हवी होती ती ओळ मात्र खाली वेगळी लिहितो.

कोलंबोत तीन नंबरच्या जाळीत धातूचे कण होते. ते मी बघितले, धुऊन टाकले आणि जाळी साफ आहे असं बिरूला खोटं सांगितलं. इंजिन त्यामुळं गेलं. बिरूचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यानं आम्हा सगळ्यांना घरी आणलं.

वसंत, आष्टा